तासभराची बाटली

तिला सगळे झटपट म्हणायचे. हे नाव एका खाटकानं दिलेलं. माणूस दाराएवढा रुंद, पण सुई दिसली की पाण्यात पडलेल्या मांजरासारखा. डोळे घट्ट मिटून, दातओठ आवळून तो "हं, टोचा आता" म्हणाला, तेव्हा ही शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची उशी सारखी करत होती. "टोचून झालं की हो," ती म्हणाली. खाटकानं एक डोळा उघडला, दंडावरचा कापसाचा बोळा पाहिला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "आयला, झटपट!"

तेव्हापासून ती झटपट. मेट्रनबाईंपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत कुणाला तिचं खरं नाव चटकन आठवत नसे, आणि तिला त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटे.

वेग तिला माहेरानं शिकवला होता. सहा भावंडं आणि एक न्हाणीघर. गरम पाणी पहिल्या तिघांना पुरायचं. जो रेंगाळला त्याच्या वाट्याला गार पाणी आणि वर आईची बोलणी. ही पाचवी असून कधी गार पाण्यानं न्हाली नाही. पुढे नर्सिंगला गेली तेव्हा इतर मुली दिवा जवळ ओढून, चष्मा पुसून शीर शोधत बसायच्या. हिला बोटाचं टोक पुरे. लहान मुलं तिच्याकडे रडायची ती सुई निघाल्यावर, आणि तीही जरा खजील होऊन, रडायला उशीर झाल्यासारखी.

लग्न होऊन ज्या घरात ती गेली, तिथे मात्र या वेगाला कवडीची किंमत नव्हती. सासूबाई शिवणकाम करायच्या. खिडकीशी मशीन, मशीनशी त्या, आणि तोंडात दोन-चार टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकंच. "घाईचा टाका उसवावाच लागतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. झटपटनं घडी घातलेल्या चादरी त्या गुपचूप मोडायच्या आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा घालायच्या. वाकडा शब्द नाही. बोलल्या असत्या तर परवडलं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि एक गोष्ट होती, जी झटपटनं नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती, कारण सांगताना ती फारच बारीक वाटली असती. सासूबाई माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला "ये गं माझ्या पोरी" म्हणायच्या. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला म्हणायच्या. एकदा तर चुकून दार ठोठावलेल्या, साबण विकणाऱ्या बाईलासुद्धा म्हणाल्या. सुनेला मात्र "अगं" किंवा "ऐकलंस का". इतक्या वर्षांच्या संसारात "माझी पोर" काही तिच्या वाट्याला आलं नाही. गरम पाणी बाकी सगळ्यांना पुरलं, हीच तेवढी राहिली.

असं असताना वॉर्डात गोगलगाय आली.

ती दुसऱ्या इस्पितळातून बदलून आलेली नर्स, वयानं बरीच लहान. व्हायलवरचं लेबल वाचायची, औषध सिरिंजमध्ये घेतल्यावर तेच लेबल पुन्हा वाचायची. रोज भेटणाऱ्या पेशंटलाही रोज नाव विचारायची. बाटली उजेडाकडे धरून, सोनार खडा पारखतो तशी निरखायची. झटपटची पाच खाटांची इंजेक्शनं उरकायची, तोवर ही दुसऱ्याच खाटेशी "आजी, हात दुखतोय का, की नुसता जड वाटतोय?" करत उभी.

"आली आमची गोगलगाय," चहाच्या वेळी झटपट म्हणाली. सगळ्या खिदळल्या. नाव चिकटलं. पण पंधरवड्यातच त्या नावानं पलटी खाल्ली. पेशंट लाडानं विचारायला लागले, "आमची गोगलगाय कुठाय? तिलाच पाठवा." खुद्द तो खाटीक पायाला गळू होऊन पुन्हा दाखल झाला, तेव्हा झटपटला बघून ओळखीचं हसला आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण त्या हळूवाल्या सिस्टर आहेत का? त्या आधी सांगतात कुठं टोचणार ते."

झटपटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाव ठेवावं आपण, आणि त्याचा हार करून लोकांनी घालावा हिच्या गळ्यात!

सासूबाई आजारी पडल्या त्या याच दिवसांत. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस झटपटला तो आजार वाटलाच नाही, टोमणा वाटला. थोडा ताप होता, डोकं दुखत होतं. सकाळी चहा घेऊन गेली तर सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

"आई, मी आहे."

"असाल. माप कुणाचं द्यायचंय?"

झटपटनं कप आपटला. इतक्या वर्षांनी सुनेला गिऱ्हाईक करून टाकलं म्हणजे काय! दिवसभर ती नवऱ्याशी धुसफुसली. पण संध्याकाळी कात्री फडताळात आणि भाताचं भांडं मशीनच्या खणात सापडलं, सासूबाईंचा उजवा हात मध्येच आपोआप उडायला लागला, आणि झटपटमधली सून गप्प होऊन नर्स जागी झाली. तिनं कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

तिनं त्यांना आपल्याच वॉर्डात दाखल केलं. डॉक्टरांनी मणक्यातलं पाणी काढून तपासायला दिलं, डोक्याचा फोटो काढला, आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायला सांगितलं. "हर्पीसचा विषाणू दिसतोय," ते झटपटच्या नवऱ्याला समजावत होते. "ओठांवर ज्वराचा फोड येतो ना, त्याच घराण्यातला. बहुतेकांच्या अंगात निपचित पडून असतो, क्वचित कुणाच्या मेंदूत चढतो. असायक्लोविर नावाचं इंजेक्शन आहे. शिरेतून, दिवसातून तीनदा, दोन-तीन आठवडे. बरं वाटलं तरी मध्येच थांबवायचं नाही. लवकर सुरू केलं की वाचण्याची आशा मोठी."

"इंजेक्शन ही देईल," नवरा अभिमानानं म्हणाला. "हिच्याइतका हलका हात कुणाचा नाही."

तेवढ्यात मेट्रनबाई मागून म्हणाल्या, "घरच्यांचं घरच्यांनी करायचं नाही. माझ्या वॉर्डात हा नियम आहे. तिला दुसऱ्या बाजूच्या खाटा." आणि पेशंट दिली कुणाला, तर गोगलगाईला.

झालं. आता रोज तीच खाट डोळ्यांसमोर, आणि हात बांधलेले. आपल्या बाजूची कामं करता करता झटपटची मान आपोआप तिकडे वळायची. गोगलगाईनं पहिल्याच दिवशी पेशंटचं वजन करायला काटा आणवला.

"अंदाजे पन्नास लिही की," झटपट जाता जाता म्हणाली. "घरचं माणूस आहे, मला माहीत नाही का?"

"अंदाजे नको, ताई. याची मात्रा वजनावर असते. आणि किडनीचा रिपोर्ट आला की तोही बघायला हवा. किडनी थकलेली असेल तर मात्रा कमी नाहीतर अंतर जास्त करावं लागतं."

पावडरची व्हायल ती ऐन वेळी विरघळवायची, सलाईनच्या बाटलीत मिसळायची, उजेडात बघायची, नळी जोडायची आणि थेंब मोजत उभी राहायची. मग तासभर ते थेंब पडत राहायचे. मध्येमध्ये येऊन सुईच्या जागेभोवती बोट फिरवायची, कारण हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी भाजल्यासारखी होते. लघवीची पिशवी वाकून बघायची. आणि सासूबाई, ज्यांना स्वतःचा मुलगाही धड ओळखू येत नव्हता, त्या गोगलगाईचा पदर धरून म्हणायच्या, "आलीस का गं माझ्या पोरी?"

झटपटच्या हातातला ट्रे खणखणला.

मेंदूला सूज आहे, ग्लानी आहे, बोलण्याला अर्थ नाही. हे सगळं तिला नर्स म्हणून पाठ होतं. पण मत्सराला कुठे नर्सिंगची परीक्षा द्यायची असते? आपण उष्टी-खरकटी काढली, गुडघ्यांना तेल चोळलं, आणि शब्द मिळाला परवा आलेल्या पोरीला. तोही फुकटात.

दुपारी चहाला तिनं विषय काढलाच. "मी असते तर सकाळीच तिन्ही वेळचं औषध कालवून फ्रिजमध्ये ठेवलं असतं. वेळ झाली की लावायचं, वीस मिनिटांत संपवायचं. म्हातारीचा हात बांधून ठेवायची हौस कशाला?"

गोगलगाय बिस्कीट बुडवत होती. "फ्रिजमध्ये हे खडे धरतं, ताई. आणि वेगानं दिलं तर तेच खडे किडनीत धरतात. गार चहात साखर टाकली की तळाशी बसते ना, तसं. म्हणून हळू द्यायचं, आणि पाणी भरपूर. लघवी होत राहिली पाहिजे."

"हो गं बाई, तू म्हणशील तसं," झटपट म्हणाली. "तुझं तर सगळंच हळू. बिस्कीट गेलं बघ तळाशी."

सगळ्या हसल्या. गोगलगाईही हसली, आणि ते झटपटला जास्त लागलं.

मग ती दुपार आली. सासूबाईंच्या खाटेवर नुकतीच बाटली लागली होती. नवरा खाली गेला होता. टोकाच्या न्हाणीघरात एक पेशंट घसरून पडली, आरडाओरडा झाला. गोगलगाय निघता निघता म्हणाली, "ताई, जरा लक्ष असू द्या. काही करू नका, फक्त लक्ष."

काही करू नका! झटपटच्या कानशिलात वाक्य घुमलं. हिनं मला सांगावं? ही वॉर्डात आली नव्हती तेव्हापासून माझ्या हातांवर हा वॉर्ड उभा आहे.

सासूबाई चुळबुळ करत होत्या. "पोरी, हात सोड गं माझा. कुणी बांधलाय?"

"आई, मी आहे." झटपट पुढे झाली.

सासूबाईंनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. "तुम्ही नको. माझी पोर कुठाय?"

झटपटचा हात नळीवरच्या चाकाकडे गेला. एवढी बाटली उरकली की हात सुटेल. हात कुणी सोडला? मी. गोगलगाय येईपर्यंत हात मोकळा, केस विंचरलेले, चादर सारखी. बघ म्हणावं. तिनं अंगठ्यानं चाक वर सरकवलं. थेंबांची धार झाली. बाटलीतली पातळी डोळ्यांदेखत उतरायला लागली, आणि झटपटला कितीतरी दिवसांनी आपले हात आपले वाटले. तिनं कंगवा घेतला.

सासूबाईंच्या केसांचा गुंता निम्मा सुटला होता, तोच नवरा पाण्याची बाटली हलवत आला. "ही बघ, सकाळची तशीच आहे. घोटभर गेलं नाही आईच्या पोटात. चमच्यानं दिलं तर थुंकते. त्या सिस्टरना सांगायला हवं."

झटपटचा कंगवा थांबला. तिनं खाटेखाली पाहिलं. पिशवीत तळाशी लघवी होती ती थोडकी आणि काळ्या चहासारखी गडद. चहा म्हटल्यावर तिला तळाशी बसलेली साखर दिसली.

तिनं झडप घालून चाक बंद केलं. पण बाटलीत जेमतेम पाव भाग उरला होता.

नवऱ्याला काही कळलं नव्हतं. तो पायथ्याशी बसून आईचा पाय दाबत होता. कुणीच पाहिलं नव्हतं. चाक पुन्हा थेंबांवर आणून ठेवलं असतं तर कुणाला संशयही आला नसता. उद्या किडनीचा रिपोर्ट बिघडला असता तर विचारलं कुणाला असतं? पेशंट कुणाची? गोगलगाईची. घ्या म्हणावं, करा तिचे लाड! हा विचार मनात आला आणि एक क्षण तो इतका गोड लागला की झटपट स्वतःलाच घाबरली. समोर सासूबाई पडल्या होत्या, अर्धे केस विंचरलेले, अर्धे तसेच. ज्यांच्यावरून हा जळफळाट, त्यांच्याच अंगात ते औषध धावत होतं.

ती उठली आणि तरातरा न्हाणीघराकडे गेली. गोगलगाय ओल्या बाह्यांनी बाहेर येत होती.

"मी चाक उघडलं," झटपट म्हणाली. "आईंचं. धार लावली. बरंचसं गेलंय. सकाळपासून पाणीही नाही पोटात."

गोगलगाईनं "का?" विचारलं नाही. "आता बंद आहे?" एवढंच विचारलं, आणि पळाली. वॉर्डानं तिला पळताना पहिल्यांदाच पाहिलं. चांगली पळत होती, वाऱ्यासारखी. अशा वेळीसुद्धा झटपटच्या मनात आलंच, की मेली इथेही पुढे!

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले. औषध थांबलं, साधं सलाईन सुरू झालं, रक्त तपासायला गेलं, लघवी तासातासाला मोजायला सांगितली. पुढची मात्रा रिपोर्ट बघूनच आणि हिशेब नव्यानं करूनच द्यायची, असं ठरलं. नवरा एकदा बायकोकडे, एकदा आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू?" त्या एका अक्षरात जे होतं ते झटपटला शंभर शिव्यांत ऐकावं लागलं असतं तरी चाललं असतं.

मेट्रनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. "तो नियम मी हौसेनं केलेला नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला आपण सुई टोचत नाही, आपलं काहीतरी टोचतो." झटपटची बदली खाली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. त्यावर कडी म्हणजे गोगलगाईनं आपण होऊन मेट्रनबाईंना सांगितलं की नुसतं "लक्ष ठेवा" म्हणून निघून जायला नको होतं, का ते सांगायला हवं होतं. झटपटनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. चूक माझी, तर त्यातही ही वाटेकरी!

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये किडनीचा आकडा चढलेला होता. त्यानंतर तो खाली येईपर्यंत झटपटनं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या आणि सुटी झाली की जिन्यानं वर धावत येऊन दारातूनच विचारलं, "लघवी किती?" गोगलगाय बोटांनी दाखवायची. आकडा थोडा उतरला, मग आणखी उतरला, मग जागेवर आला. औषध पुन्हा पूर्ण मात्रेनं सुरू झालं. झटपट खाली येऊन पट्ट्यांच्या कपाटाआड रडली, पण तेही झटपट, कारण बाहेर रांग होती.

सासूबाईंचा ताप गेला. शब्द एकेक करून परत आले. आधी मुलाचं नाव आलं, मग मशीन कुठे आहे ते आलं, मग वरच्या भाडेकरणीनं झगा नेला का ही चौकशी. उजवा हात अजून थरथरायचा, आणि कधीकधी एखाद्या वस्तूचं नाव ओठांवर येऊन अडायचं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

औषधाचे शेवटचे काही दिवस उरले होते. झटपट सुटी घेऊन आली होती, साध्या कपड्यांत, नातेवाइकासारखी. गोगलगाईनं बाटली उजेडात धरली, नळी जोडली, थेंब लावले. मग स्टूल पायानं पुढे ढकलून म्हणाली, "ताई, बसा. मला पलीकडे एक ड्रेसिंग आहे. थेंब एवढेच पडले पाहिजेत. सुईजवळ दुखलं, फुगलं, लाल झालं, तर लगेच हाक मारा. पाणी पाजत राहा."

"आणि चाक?" झटपट म्हणाली.

"चाकाला मी हात लावते."

"बरं," झटपट म्हणाली. ती स्टुलावर बसली.

गोगलगाय गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गुणाची आहे हो पोर."

"हो," झटपट दातांतून म्हणाली. "फारच."

थेंब पडत होते. झटपटनं इतका वेळ एका जागी बसून थेंब कधी पाहिले नव्हते. त्यांच्यामध्ये केवढी जागा असते, आणि त्या जागेत माणसाला काहीबाही आठवत बसावं लागतं.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी तुमचं औषध मी घाईनं सोडलं. म्हणून लघवी कमी झाली, रक्ताच्या तपासण्या वाढल्या. ती सिस्टर नव्हती, मी होते."

सासूबाईंनी डाव्या हातानं चादरीची शिवण चाचपली. झटपटला वाटलं, पुन्हा ग्लानी आली की काय.

"मग?" त्या म्हणाल्या. "उसवलंस का?"

"काय?"

"घाईचा टाका. कळल्यावर उसवलास, की झाकलास?"

"उसवला. लगेच."

"मग झालं तर." सासूबाईंनी डावा हात पाण्याच्या भांड्याकडे नेला. झटपटनं भांडं ओठांना लावलं. दोन घोट झाले, तीन झाले. भांडं खाली ठेवून ती पुन्हा स्टुलावर टेकली, तेव्हा सासूबाई डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होत्या.

"एक विचारू का गं?"

"विचारा ना."

"तू मघापासून एका जागी बसली आहेस. तुला बरं नाहीये का?"

झटपटला हसू फुटलं. हसता हसता तिनं कान टवकारले होते, की आता तरी तो शब्द येतो का. तो आला नाही. पलीकडून गोगलगाय "झालं का ताई, ठीक आहे ना?" म्हणाली, आणि सासूबाईच उत्तरल्या, "ठीक आहे गं माझ्या पोरी!"

झटपटला ते लागलं, नेहमीसारखं. तिनं बाटलीकडे पाहिलं.

"अजून अर्धी आहे, आई. तुम्हाला झोपायचं असेल तर झोपा. मी जाऊ?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या, आणि थरथरता उजवा हात चादरीवरून सरकवत तिच्या गुडघ्यावर आणून ठेवला. "बस की. अर्धीच तर आहे."